कीबोर्डचे बंद बोल

२००४ साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन संशोधन केंद्रात दिमित्री असोनोव्ह आणि राकेश अग्रवाल या दोघांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. कीबोर्डवरच्या कळा बनावटीला सारख्या असतात. मग त्यांचा आवाजही सारखाच येतो का? त्यांनी मायक्रोफोन लावून कळांचे आवाज टिपले, ते न्यूरल नेटवर्कला शिकवले आणि कोणती कळ दाबली हे नुसत्या आवाजावरून ओळखता येतं हे दाखवून दिलं. त्यांचा हा शोधनिबंध गाजला तो पासवर्ड चोरीला जाण्याच्या भीतीमुळे. त्यातला दुसरा भाग मात्र फारसा चर्चेत आला नाही. एकसारख्या कळा वेगवेगळ्या का वाजतात, याचं कारण शोधताना त्यांना वाटलं की कळांखालची प्लेट ढोलासारखी वागत असावी, म्हणजे ठोका जिथे पडेल तसा नाद बदलत असावा. पडताळणीसाठी त्यांनी प्लेटच कापून पाहिली. प्लेट सलग राहिली नाही, तेव्हा कळांच्या आवाजातला फरकही ओळखण्याजोगा उरला नाही.

ढोलापेक्षा इथे तबल्याचं उदाहरण अधिक नेमकं ठरेल. किनारीवर बोट पडलं की एक नाद येतो, शाईवर पडलं की दुसरा. बोट लगेच उचललं तर बोल खुला राहतो, हात पुडीवर टेकलेला राहिला तर तोच बोल बंद होतो. मेकॅनिकल कीबोर्ड शांत करण्यासाठी त्याच्या पोटात फोम घालतात, प्लेटखाली रबर चिकटवतात, सर्किट बोर्डाच्या पाठीला टेप लावतात. या सगळ्यांतून खुल्या बोलाचा बंद बोल केला जातो. फक्त हात कुठे टेकवायचा हे ठाऊक हवं. ते ठाऊक नसताना आणलेला फोम बहुतेक वेळा वाया जातो, आणि असा वाया गेलेला फोम कमी नाही.

स्वस्त कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली मिळून रबराचा एकच पातळ पडदा असतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच असतो: वर-खाली सरकणारा प्लास्टिकचा दांडा, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची संपर्कपट्टी. जर्मनीच्या चेरी कंपनीचा ‘एमएक्स’ स्विच १९८०च्या दशकात आला, आणि आज बाजारात दिसणारे बहुतेक स्विच त्याच्याच आकाराचे आहेत. त्याचा दांडा सुमारे ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं. पुढचे २ मिलिमीटर कामापुरते पाहिले तर जादाचे आहेत. तरीही बहुतेकांची बोटं कळ तळापर्यंत नेऊन आपटतात.

एका कळीच्या एका ठोक्यात किती आवाज असतात हे ऐकायला मराठी कान चांगले तयार असतात, कारण आपल्या भाषेत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. काही स्विचमध्ये मध्यावर ‘टिक्’ होतं. दांडा तळाला लागला की ‘ठक’. बोट उचललं की स्प्रिंग दांड्याला वर फेकते आणि तो स्विचच्या छताला लागून आणखी एक ‘ठक’ येतो, पहिल्यापेक्षा हलका. स्प्रिंग स्वतः ‘टिंग’ करत राहते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांसारख्या लांब कळा तिरक्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली वाकवलेली तार असते. ती सैल असली की ‘खडखड’ करते. मग हे सगळं कीबोर्डच्या पोकळ पोटात ‘घुमतं’, आणि शेवटी टेबल त्याला साथ देतं. हे सहा-सात आवाज वेगवेगळ्या जागी जन्मतात, त्यामुळे त्यांच्यावरचे उपायही वेगळे असतात. फोमच्या हातात यातले जेमतेम दोन आहेत.

‘टिक्’ त्या दोनांत नाही. चेरीच्या निळ्या स्विचमध्ये दांड्यावर एक सुटा तुकडा असतो. तो ठरावीक जागी झटक्यात खाली सरकतो आणि टिकटिकतो. हा आवाज म्हणजे बनावटीतला दोष नव्हे. कळ लागली हे बोटाला आणि कानाला कळावं म्हणून तो मुद्दाम घातला आहे. आयबीएमच्या १९८५च्या प्रसिद्ध ‘मॉडेल एम’ कीबोर्डमध्ये दाबली गेलेली स्प्रिंग अचानक वाकते आणि नळीच्या भिंतीवर आपटते. त्याचा टणक आवाज तिथूनच येतो. असे स्विच असलेल्या कीबोर्डमध्ये कितीही फोम कोंबला तरी टिकटिक तशीच राहते, उलट मागचं घुमणं गेल्यामुळे ती अधिक उठून ऐकू येते. त्यावर उपाय एकच, स्विच बदलणे. कीबोर्ड ‘हॉट-स्वॅप’ असेल, म्हणजे स्विच डाख न देता खोबणीत बसवलेले असतील, तर हे काम चिमट्याने तासाभरात होतं. मॉडेल एमवर जीव असलेल्या लोकांनी मात्र टिक् ठेवून मागची ‘टिंग’ तेवढी घालवायची युक्ती शोधली. दात साफ करायच्या फ्लॉसचा छोटा तुकडा ते प्रत्येक स्प्रिंगमध्ये सरकवतात. धागा स्प्रिंगच्या वेढ्यांना हलकेच घासतो आणि तिची थरथर लवकर विरते. सगळ्या कळांना हे करायला संध्याकाळ जाते, पण खर्च जवळजवळ काहीच नाही.

दोन्ही ‘ठक’ हे टक्करीचे आवाज आहेत. कडक वस्तूवर कडक वस्तू आदळली की टक्कर फार थोड्या वेळात आटपते, आणि टक्कर जितकी आखूड तितका तिच्यातला तीक्ष्ण, उंच पट्टीचा भाग मोठा. मध्ये काही मऊ आलं की तोच धक्का जास्त वेळात पसरतो, आवाज खालच्या पट्टीत उतरतो आणि मंद होतो. कळीवरच्या टोपणाच्या, म्हणजे कीकॅपच्या आत रबरी ओ-रिंग बसवण्यामागे हेच तत्त्व आहे. त्या स्वस्त असतात, बसवायला सोप्या असतात, पण फक्त खाली जातानाचा ठोका मऊ करतात. वर येतानाचा ठोका स्विचच्या आत होतो, तिथे त्या पोचत नाहीत.

तिथे पोचणारा उपाय बराच जुना आहे. अ‍ॅपलने १९९० मध्ये आणलेल्या ‘एक्सटेंडेड कीबोर्ड टू’मध्ये जपानच्या आल्प्स कंपनीचे मलई रंगाचे स्विच होते. त्यांच्या दांड्यावर रबराचे बारीक तुकडे बसवलेले असत, त्यामुळे दांडा वर आणि खाली दोन्हीकडे रबरावरच टेकायचा. आजचे ‘सायलेंट’ स्विच याच वाटेने जातात. चेरीच्या ‘सायलेंट रेड’मध्ये दांड्याच्या दोन्ही टोकांना मऊ भाग असतो, आणि त्या मऊपणाला जागा देण्यासाठी कळीची धाव ४ मिलिमीटरवरून ३.७ मिलिमीटरवर येते. एवढ्याशा फरकाने बोटाखाली काय बदलतं ते प्रत्यक्ष टंकल्याशिवाय समजत नाही. काहींना कळ गादीवर टेकल्यासारखी वाटते आणि ते समाधानी असतात. काहींना चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतं आणि ते आठवड्याभरात जुन्या स्विचकडे परततात. आवाज खरोखर कमी करणारा, शेजारच्या खोलीतही फरक जाणवून देणारा उपाय विचाराल तर तो हाच. फोमचा क्रम याच्या नंतर लागतो.

ठोका टाळण्याची ही धडपड कीबोर्डपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत वेलिंग्टन पार्कर किडर या संशोधकाने असा टाइपरायटर घडवला की ज्यात अक्षराचा हात कागदावर फेकला जायचा नाही, जवळ नेऊन दाबला जायचा. ‘नॉइजलेस’ नावाने तो विकला गेला आणि पुढे रेमिंग्टनने ती कंपनी आपल्यात घेतली. ज्यांच्याकडे साधे टाइपरायटर होते, ते त्यांच्याखाली फेल्टची जाड गादी घालत. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अशी यंत्रं ओळीने खडखडत राहिली. त्या वर्गात बसलेल्यांना आठवेल, एकाच यंत्राचा खडखडाट टेबलागणिक बदलायचा.

आता फोमकडे. गादीवाल्याकडचा स्पंज असो की खास कीबोर्डसाठी कापून मिळणारा तुकडा, फोम आवाज ‘शोषतो’ असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. सच्छिद्र पदार्थात शिरलेल्या लहरीमुळे हवा बारीक छिद्रांतून पुढे-मागे होते, भिंतींना घासते आणि तिच्या ऊर्जेची किंचित उष्णता होते. पण हे नीट घडायला फोमची जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर म्हणजे ३४ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा साडेआठ सेंटिमीटर. कीबोर्डमध्ये फोमला जागा असते ३ ते ५ मिलिमीटर. हा हिशोब मांडला की ३ मिलिमीटरचा फोम समोरून येणाऱ्या लहरीला अडवू शकेल ही आशा सोडावी लागते. तेवढ्या जाडीला साजेसा आवाज २८,००० हर्ट्झच्या आसपासचा, माणसाला ऐकूच न येणारा.

मग फोम घातल्यावर फरक कशाने पडतो? कीबोर्डची पोकळी उंचीला चिमूटभर असली तरी लांबीला मोठी असते. पूर्ण आकाराचा कीबोर्ड सुमारे ४४ सेंटिमीटर लांब. एवढ्या लांबीच्या बंद पेटीत आडवी लहर या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलू लागली की ती ढोबळमानाने ३९० हर्ट्झला घुमते. १३ सेंटिमीटरच्या रुंदीत हेच घुमणं १,३०० हर्ट्झच्या जवळ जातं. रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा जो पोकळ आवाज ऐकू येतो तो या घुमण्यातून आणि तळाच्या थरथरीतून. या आडव्या लहरीला फोम ३ मिलिमीटरचा भेटत नाही. तिच्या वाटेत तो हातभर पसरलेला असतो. ज्वारीने भरलेला डबा वाजवला तर तो बसका वाजतो, तसाच हा प्रकार. म्हणून कीबोर्डच्या बाहेरच्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, तळात बसवलेला साधा फोमसुद्धा पोकळपणा घालवतो. ‘ठक’ मात्र त्याने जात नाही, कारण तो वरच्या बाजूने, कळांच्या फटींतून थेट कानाकडे येतो.

प्लेट आणि सर्किट बोर्ड यांच्यामधला दुसरा थर वेगळं काम करतो. तो प्लेटला खालून टेकलेला असतो, म्हणजे पुडीवर टेकलेला हातच. स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ठोक्यानंतर थरथरत राहू पाहते, आणि हा थर तिची थरथर आपल्यात घेतो. इथे फोमची छिद्रं महत्त्वाची नसतात, त्याच्या अंगचा चिकट लवचीकपणा महत्त्वाचा असतो. रबराचा चेंडू जमिनीवर टाकला की उसळतो, कणकेचा गोळा टाकला की तिथेच बसतो; चेंडू ऊर्जा परत करतो, गोळा ती स्वतःत जिरवतो. आवाज मारायला गोळ्याच्या जातीचा पदार्थ हवा. बुटांच्या तळव्यांत वापरलं जाणारं सॉर्बोथेन, गाड्यांच्या दरवाजांच्या आतून चिकटवली जाणारी ब्युटाइल रबराची जड पट्टी, ओतून घट्ट होणारं मऊ सिलिकोन हे सगळे त्या जातीचे. त्यांना वजनही असतं, आणि वजनाने नाद खाली उतरतो. तबल्याच्या शाईमागे हेच शास्त्र आहे: पुडीवर नेमक्या जागी वजन चढवलं की तिचे स्वर बदलतात. सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांच्या या गुणाबद्दल लिहिलं होतं. तबला घडवणारा कारागीर शाईने स्वर जुळवतो. कीबोर्ड उघडून बसलेला माणूस रबराने तो बसका करतो.

टेपचा प्रयोग याहून साधा. सर्किट बोर्डाच्या पाठीला रंगाऱ्यांच्या कागदी टेपचे दोन-तीन थर लावायचे. ही टेप थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मोटारी रंगवणाऱ्यांसाठी तयार केली होती. तिचा असा उपयोग त्यांच्या स्वप्नातही आला नसेल. टेपने आवाज फारसा घटत नाही, त्याचा पोत बदलतो, कडकपणा जाऊन तो गोलसर होतो. ‘शांत’ आणि ‘गोड’ यांत इथे नेहमी गल्लत होते. हौशी मंडळींना प्रिय असलेला खोल ‘थॉक’ हा गोड आवाज आहे, तो शांत असेलच असं नाही. शेजारी झोपलेल्या बाळासाठी आवाज कमी करायचा असेल तर थॉकच्या मागे लागून उपयोग नाही.

टेबलाची तपासणी सर्वांत आधी करायला हवी, कारण तिला पैसे लागत नाहीत. कीबोर्ड जसा आहे तसा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि एक परिच्छेद टंकून पाहावा. आवाज लक्षणीय उतरला, तर दोषी टेबल आहे. पोकळ फळीचं किंवा पातळ पत्र्याचं टेबल कीबोर्डच्या थरथरीला मोठ्या पृष्ठभागावर पसरवून हवेत सोडतं. फ्लॅटमध्ये खलबत्त्याखाली जुनं पोतं दुमडून घालतात ते याचसाठी. खालच्या मजल्याला कुटण्याचा त्रास हवेतून कमी आणि फरशीतून जास्त होतो. कीबोर्डखाली फेल्टचा किंवा ४-५ मिलिमीटरच्या रबराचा मॅट, नाहीतर जुन्या योगा मॅटचा कापलेला तुकडा पुरतो. काही नव्या कीबोर्डमध्ये प्लेट थेट केसला स्क्रूने न आवळता कडेच्या मऊ पट्ट्यांवर तोलतात, त्याला गॅस्केट माउंट म्हणतात. तबल्याखालची चुंबळ हेच काम करते. ती तबल्याचा नाद मारत नाही, फक्त तो जमिनीत उतरू देत नाही.

लांब कळांच्या खडखडीला फोम चालत नाही, वंगण चालतं. तार जिथे प्लास्टिकमध्ये शिरते तिथे घट्ट डायलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका लावला की स्पेसबारचा आवाज ओळखू येत नाही इतका बदलतो. इतर सगळं राहू द्यावं आणि एवढंच करावं, असं सुचवावंसं वाटतं. खर्चाच्या मानाने इतकं समाधान देणारं काम कीबोर्डमध्ये दुसरं नाही. घरातलं तेल मात्र वापरू नये. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि पुण्याच्या डिसेंबरात कळ अडकते. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं.

सामान आणायला लांब जावं लागत नाही. चपलांच्या तळव्यासाठी मिळणारी एव्हा शीट, गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातली ब्युटाइल पट्टी, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. पण तीन धोके आहेत. ब्युटाइल पट्टीच्या एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. तो सर्किट बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होतो. चिप खोचून येतो तो काळा फोम मऊ आणि फुकट असला तरी विजेचा वाहक असतो, तोही बोर्डाखाली घालू नये. तिसरा धोका जाडीचा: जागेपेक्षा जाड फोम कोंबला की स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो, डाख तडकतात, आणि वायरलेस कीबोर्ड असेल तर बॅटरीवर दाब येतो. आधी फट मोजावी, मग फोम कापावा, आणि बॅटरीपुरती जागा मोकळी ठेवावी.

फरक पडला का हे ठरवताना फोनवरचं डेसिबलचं ॲप फसवू शकतं. डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही: ३ डेसिबल घटले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला तो फरक जेमतेम कळतो, आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल घटावे लागतात. शिवाय कान सगळ्या पट्ट्या सारख्या ऐकत नाही. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असल्याने ३,००० ते ४,००० हर्ट्झचा आवाज तिच्यात आपोआप वाढतो, आणि ‘टिक्’ व ‘ठक’ यांचा टोचणारा भाग तिथेच येतो. म्हणून आकडा फारसा न हलताही कीबोर्ड कितीतरी सौम्य वाटू शकतो. फोन एकाच जागी ठेवून, तोच परिच्छेद आधी आणि नंतर टंकून ध्वनिमुद्रण ऐकणं अधिक भरवशाचं. ते रात्री ऐकावं. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात लपणारा आवाज अकरा वाजता पंखा बंद केल्यावर उघडा पडतो.

एकदा घातलेला फोम मात्र कायमचा नसतो. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांना हवेतली वाफ हळूहळू तोडते. आधी ते चिकट होतात, मग त्यांचा भुगा होतो. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम असाच झडतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही वेळ लवकर येते. एव्हा, सिलिकोन आणि निओप्रीन या बाबतीत अधिक टिकाऊ. आयबीएमच्या १९८१च्या ‘मॉडेल एफ’ कीबोर्डमध्ये दोन धातूच्या प्लेटांच्या मध्ये फोमचा एक थर होता. आज ते कीबोर्ड उघडणाऱ्यांना प्लेटा शाबूत सापडतात, स्प्रिंगा चालू असतात, आणि त्यांच्यामध्ये तपकिरी भुगा पडलेला असतो. तो खरवडून काढायचा, प्लेट धुऊन पुसून कोरडी करायची, जुन्या भोकांबरहुकूम नवा फोम कापायचा आणि कीबोर्ड पुन्हा जोडायचा, एवढं केलं की चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड पुन्हा टंकायला तयार होतो.